रोजच्या पन्नास किलोमीटरला ॲडव्हेंचर मॅक्सी स्कूटर: घ्यावी का, आणि घेतली तर कशी वापरावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात धायरीहून हिंजवडीला रोजचं जाणं-येणं, मिळून पन्नासेक किलोमीटर. वय ४३, उंची ५ फूट ४ इंच. नऊ वर्षं ११० सीसीची स्कूटर वापरली, आता संध्याकाळी घरी पोचेपर्यंत कंबर धरते. गिअर-क्लचची मोटरसायकल नको आहे. ॲडव्हेंचर बाइकसारख्या अंगाची, १६० सीसीची ऑटोमॅटिक मॅक्सी स्कूटर, म्हणजे मोठ्या-रुंद अंगाची स्कूटर, मनात भरली आहे. पत्नीला सकाळी वारज्याला सोडायचं असतं. रोज वापरायला ही गाडी कशी, आणि घ्यावी का?

मी वडगावात २३ वर्षं दुचाकीचं गॅरेज चालवतो आणि राहायला रावेतला आहे. म्हणजे बायपास तुमचाच, फक्त दिशा उलटी. गेले सोळा महिने याच वर्गातली स्कूटर रोज चालवतोय, २० हजार किलोमीटर होऊन गेले. शिवाय गॅरेजमध्ये अशा गाड्या उघडतो, त्यामुळे वरून काय दिसतं आणि आतून काय झिजतं हे दोन्ही पाहतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: तुमच्या रस्त्याला ही गाडी शंभर टक्के मानवेल. तुमच्या पार्किंगला आणि घरच्या कामांना मानवेल का, ते मात्र पैसे भरण्याआधी तपासायला हवं. लोक नेमकं तेच तपासत नाहीत, आणि सहा महिन्यांनी माझ्याकडे येऊन कुरकुरतात.

आधी 'ॲडव्हेंचर' या शब्दाचं बघू. स्कूटरला हा शब्द चिकटला तो होंडामुळे. २०१५ साली मिलानच्या प्रदर्शनात त्यांनी 'सिटी ॲडव्हेंचर' नावाची कल्पना मांडली आणि पुढच्याच वर्षी तिथे एक्स-एडीव्ही ही प्रत्यक्ष गाडी आणली. ७४५ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन, सहा गिअर, ते आपोआप बदलणारा ड्युअल क्लच गिअरबॉक्स, मागच्या चाकाला चेन, वजन सव्वादोनशे किलोच्या वर, सीटची उंची ८२० मिमी. दिसायला स्कूटर, आतून मोटरसायकल. मे २०२५ मध्ये ती भारतात आली तेव्हा एक्स-शोरूम किंमत ११.९० लाख होती. तिच्याच चेहऱ्यामोहऱ्याची छोटी १५० सीसीची एडीव्ही २०१९ मध्ये इंडोनेशियात आली, पुढे तिची १६० झाली. आपल्याकडे या धाटणीची परवडणारी गाडी म्हणजे जानेवारी २०२५ मध्ये किंमत जाहीर झालेली हिरोची झूम १६०: १५६ सीसी, लिक्विड कूल्ड (कूलंटने थंड होणारं) इंजिन, १४ इंची चाकं, वजन १४२ किलो, सीटची उंची ७८७ मिमी, तेव्हाची एक्स-शोरूम किंमत दीड लाखाच्या आत. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, त्यामुळे जुना आकडा धरून बसू नका, शोरूमवरून ताजं कोटेशन घ्या.

हे सगळं सांगितलं ते एवढ्यासाठी की चेहरा सारखा असला तरी १६० ची स्कूटर आतून पूर्णपणे स्कूटरच आहे. बेल्टवर चालते आणि तिचं इंजिन मागच्या चाकाबरोबर हलतं. झूमचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन ते गाडीचं पोट हे अंतर, १५५ मिमी आहे, म्हणजे साध्या ११० सीसी स्कूटरच्याच आसपास. उंच हँडल, पुढची काच, जाड टायर बघून पानशेतच्या मागच्या दगडगोट्यांच्या वाटा काढायचं मनात असेल, तर ते आत्ताच काढून टाका. खराब डांबर, उखडलेले पेव्हर ब्लॉक, खडी टाकलेला डायव्हर्जन, एवढं ती छान काढते. तुम्हाला रोज लागणार आहे तेही एवढंच.

आता रस्त्यावरचं सुख. ते सगळ्यात जास्त येतं पुढच्या चाकातून. साध्या स्कूटरला पुढे १२ आणि मागे बहुधा १० इंची चाक असतं. छोटं चाक खड्ड्यात उतरतं, मोठं चाक बऱ्याच खड्ड्यांवरून निघून जातं. वारजे ते चांदणी चौक या टप्प्यात डांबराचे जे आडवे सांधे आणि पॅच आहेत, तिथे मी पूर्वी मनगटं ताठ करून बसायचो. आता तिथून हँडल सैल धरून जातो. वजनाचाही फायदा मोठा आहे. बावधनच्या उघड्या टप्प्यात कंटेनर शेजारून गेला की ११० ची स्कूटर वाऱ्याच्या झोताने हातभर सरकते. १४०-१४५ किलोची गाडी जागची हलत नाही म्हटलं तरी चालेल. आणि ६०-६५ च्या वेगाला इंजिन रडत नाही. छोट्या इंजिनाला त्याच वेगासाठी जवळजवळ पूर्ण ॲक्सिलरेटर पिळून धरावा लागतो, ती थरथर तासभर हातात, खांद्यात आणि कमरेत उतरत राहते. माझ्या मते संध्याकाळच्या थकव्यातला अर्धा भाग हा असतो, आणि ही गाडी तो खरोखर काढून टाकते.

पण कंबरेचं एवढ्यावर भागत नाही. गाडी मेन स्टँडवर घेऊन मागे बसून बघा. इंजिन, बेल्टची पेटी, मागचं चाक हे सगळं एकच धूड आहे आणि ते चासीला पुढच्या बाजूने बिजागरीसारखं लटकवलेलं आहे. मागचे दोन शॉकअप या अख्ख्या धुडाला सांभाळतात. मोटरसायकलचं चाक खड्ड्यात गेलं की फक्त चाक आणि त्याला धरणारा स्विंगआर्म वर-खाली होतो. स्कूटरचं चाक खड्ड्यात गेलं की तीस-पस्तीस किलोचं इंजिनही बरोबर उचललं जातं, आणि शॉकअप कितीही चांगला असला तरी त्याला तो झटका पूर्ण गिळता येत नाही. म्हणून या गाड्यांचं पुढचं चाक जे मऊपणाने काढून देतं, तेच मागचं चाक दणका देऊन सांगतं. एक्स-एडीव्हीत इंजिन फ्रेमला पक्कं बसवलेलं आहे, फक्त चाक हलतं, आणि तिच्या किमतीतला एक मोठा भाग या रचनेचा आहे. १६० मध्ये ते मिळणार नाही. ज्या गिऱ्हाइकाला हे आधी सांगितलेलं असतं तो नंतर शॉकअपला दोष देत बसत नाही.

यावर उपाय आहे आणि तो फुकटचा आहे. मॅक्सी स्कूटरला पाय ठेवायला दोन जागा असतात, सपाट आणि पुढे चढती. पाय पुढे पसरून बसलं की ऐट येते, पण सगळं वजन माकडहाडावर जातं आणि प्रत्येक दणका सरळ मणक्यात. रोजच्या रस्त्याला पाय सपाट जागेवर, गुडघे काटकोनात ठेवा. खड्डा दिसला की तळपायांनी दाब देऊन बूड सीटवरून दोन बोटं उचला. पूर्ण उभं राहायचं नाही, फक्त वजन सीटवरून पायांवर घ्यायचं. पहिल्या आठवड्यात मांड्या दुखतील, नंतर ते आपोआप होतं. मी हे करायला लागल्यापासून मला फरक पडला. तुमचं दुखणं पायात उतरत असेल किंवा मुंग्या येत असतील तर मात्र गाडी बदलण्याआधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, ते काम स्कूटरचं नाही.

टायरमधली हवा हा दुसरा उपाय. सीटखालच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये जो आकडा आहे तोच, गाडी थंड असताना, आठवड्यातून एकदा. पंपावरचा मुलगा सवयीने चाळीस भरून मोकळा होतो आणि आपण शॉकअप कडक आहे म्हणत फिरतो. मी गाडी हातात घेतली की पहिला गेज लावतो, आणि निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

आता येतो ऑटोमॅटिकवर, आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त खर्च इथेच वाचतो किंवा इथेच वाया जातो.

आपल्याकडे १९८४ ला कायनेटिक होंडा आली तेव्हापासून बिनगिअरच्या स्कूटरचं आतलं तत्त्व तेच आहे. इंजिनाच्या बाजूला एक पुली, मागच्या चाकाच्या बाजूला दुसरी, मध्ये रुंद बेल्ट. पुढच्या पुलीत सहा रोलर असतात. इंजिन फिरायला लागलं की ते गोफणीतल्या दगडासारखे बाहेर फेकले जातात, पुलीच्या एका तबकडीला ढकलतात, बेल्ट पुढे वर चढतो आणि मागे खाली उतरतो. झाला गिअर बदलून, तोही सलग. मागच्या पुलीला क्लच असतो, तोही फिरण्याच्या जोरावरच पसरतो आणि बाहेरच्या वाटीला, म्हणजे आम्ही जिला बेल म्हणतो तिला, आतून घट्ट धरतो. साधारण १०-१५ च्या वेगाला क्लच पूर्ण पकडतो. त्याच्या खाली तो ना धड पकडलेला असतो, ना धड सुटलेला.

आता तुमचा संध्याकाळचा रस्ता डोळ्यांसमोर आणा. हिंजवडी फेज वनपासून भूमकर चौकापर्यंत गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. पुढची कार फूटभर हलली की मागचा स्कूटरवाला फूटभर रेस देतो. हलली, रेस दिली. हलली, रेस दिली. पाऊण तास. त्या प्रत्येक वेळी क्लचची पट्टी बेलवर घासते पण पकडत नाही. मागच्याच महिन्यात एक गाडी आली, १४ हजार किलोमीटर झालेली, तक्रार अशी की सुटताना थरथरते. बेल्टची पेटी उघडली तर आत काळी भुकटी, क्लचच्या पट्ट्यांवर आरशासारखी चकाकी आणि बेलला आतून निळसर झाक. तो निळा रंग म्हणजे लोखंड किती तापलं होतं त्याची नोंद. पट्ट्या पॉलिश पेपरने घासून, खाचा साफ करून थरथर गेली, पण असा क्लच फार दिवस टिकत नाही.

म्हणून ट्रॅफिकमध्ये एक शिस्त ठेवा. पुढच्या गाडीला एक कारभर अंतर जाऊ द्या, मग एकदाच ठाम रेस देऊन सुटा, क्लचला पकडू द्या, आणि पुन्हा ब्रेकवर थांबा. मधल्या जागेत कोणी घुसेल, घुसू द्या. चढावर थांबलात तर गाडी रेस देऊन तोलून धरू नका, डाव्या हाताचा मागचा ब्रेक दाबून धरा. रेसवर तोललेली गाडी म्हणजे जळणारा क्लच. यू-टर्न घेताना किंवा दोन कारमधून हळू निघताना मागचा ब्रेक हलका दाबून थोडी रेस चालू ठेवायची युक्ती मात्र चांगली आहे, गाडी डगमगत नाही. ते चार-पाच सेकंदांचं काम असतं, त्याने काही बिघडत नाही.

उतारावर याच क्लचचं दुसरं रूप दिसतं, आणि ते नवख्याला घाबरवतं. ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की वेग असेपर्यंत इंजिन गाडीला थोडं मागे ओढतं. वेग कमी होत होत १०-१२ वर आला की क्लच सुटतो, आणि त्या क्षणी गाडी पुढे मोकळी सुटल्यासारखी वाटते. सिंहगडावरून उतरताना घाटाच्या वळणांवर मी नवे चालक दचकलेले पाहिले आहेत. आधीच तयार राहून दोन्ही ब्रेक हातात ठेवा. इंजिनाची ओढ परत हवी असेल तर किंचित रेस द्या, क्लच पकडेल, मग सोडा. लांब उतारावर एकच ब्रेक सतत चोळत ठेवू नका, दाबा-सोडा असा वापरा. आणि पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून दिवे घाटातून गाडी सोडणारे आहेत, त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे की तसं करू नका. इंजिन बंद म्हणजे ओढ शून्य, आणि किल्लीच बंद केली तर एबीएसही, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणाही, बंद. या वर्गात एबीएस बहुधा फक्त पुढच्या चाकाला असतं. मागचं चाक ओल्या रस्त्यावर लॉक होऊ शकतं, म्हणून पावसात पुढचा ब्रेक मुख्य आणि मागचा जोडीला, हा हिशोब अंगवळणी पाडा. जुन्या स्कूटरवर नऊ वर्षं मागचा ब्रेक आधी दाबायची सवय लागलेली असते. ती मोडायला महिना लागतो, रिकाम्या सर्व्हिस रोडवर मुद्दाम सराव करा.

उतारावरची आणखी एक गोष्ट पार्किंगची आहे. मोटरसायकल पहिल्या गिअरमध्ये टाकून उतारावर उभी करता येते. या स्कूटरला गिअरच नाही, इंजिन बंद केलं की मागचं चाक मोकळं. साइड स्टँडवर तोंड उताराकडे करून लावलेली गाडी पुढे सरकून स्टँडवरून उतरते आणि आडवी होते. एकतर मेन स्टँड लावा, नाहीतर तोंड चढाकडे करा. पार्किंग ब्रेक असलेली गाडी असेल तर तो वापरा, एक्स-एडीव्हीला तो दिलाय तो याच कारणासाठी.

आता तुमच्या उंचीकडे येतो. ७८७ मिमीची सीट आकड्यात काही फार नाही, पण मॅक्सी स्कूटरची सीट रुंद असते. मांड्या फाकतात, आणि पाय जमिनीपर्यंत पोचायला जी उंची लागते ती सीटच्या रुंदीत जाते. ५ फूट ४ इंचाला दोन्ही चवडे टेकतील, टाचा टेकणार नाहीत. सपाट रस्त्यावर तेवढं पुरतं. अडचण येते गाडी मागे घेताना. पहिल्याच महिन्यात आमच्या सोसायटीच्या रॅम्पवर मी सीटवर बसूनच गाडी मागे ढकलत होतो. उजवा पाय बारीक वाळूवर पडला, घसरला, आणि १४०-१४५ किलो एकदा कलले की ते हाताने सावरत नाहीत. आरसा गेला, पायाला खरचटलं. तेव्हापासून मी खाली उतरतो, गाडीच्या डाव्या बाजूला उभा राहतो, सीटची कड कमरेला टेकवून गाडी किंचित माझ्याकडे कलती ठेवतो, डावं बोट मागच्या ब्रेकवर, आणि मग ढकलतो. अशी गाडी कोणालाही ढकलता येते. बसून ढकलायचा मोह मात्र कायमचा सोडा.

ऑफिसच्या पार्किंगमध्ये किंवा लक्ष्मी रोडच्या पी-वन पी-टूला जिथे गाड्या हँडलला हँडल लावून उभ्या असतात, तिथे ही गाडी काढताना शेजारच्या दोन हलवाव्या लागतात. रोज दोनदा हे करायचं असेल तर विचार करा. हिंजवडीतल्या मोठ्या कंपन्यांना आखलेलं पार्किंग असतं, तिथे प्रश्न येणार नाही.

आणि आता पायाशी. या गाड्यांना मध्ये जाडजूड कणा असतो, त्यात पेट्रोलची टाकी किंवा फ्रेमचा भाग असतो. सपाट फूटबोर्ड नाही. हे वाक्य शोरूममध्ये एका कानाने ऐकलं जातं, पण घरी आल्यावर त्याचा अर्थ कळतो. गॅसचा सिलिंडर येत नाही. २० लिटरचा पाण्याचा जार येत नाही. तांदळाची २५ किलोची गोणी येत नाही. मंडईतून दोन गच्च पिशव्या, गणपतीचं मखर, मुलाचं दप्तर, आईची चाकाची बॅग, आपण स्कूटरच्या पायाशी काय काय ठेवतो याची यादी कधी केलेली नसते, कारण ते आपोआप होत असतं. मागच्या एका महिन्यात तुमच्या स्कूटरच्या पायाशी काय काय आलं ते घरात बसून आठवा. डिकी आहे, पण तिच्याखाली इंजिन आहे, आतलं तापतं. डबा गरम राहतो ही चांगली बाजू, औषधं आणि चॉकलेट ठेवू नका ही दुसरी.

त्याच कण्यामुळे गाडीवर चढायची तऱ्हाही बदलते. साध्या स्कूटरमध्ये पाय पुढून आत घेता येतो. इथे कण्यावरून किंवा सीटवरून टाकावा लागतो. तुमच्या घरात ही गाडी आणखी कोणी चालवणार असेल, विशेषतः साडी नेसणारं किंवा गुडघे दुखणारं माणूस, तर उत्तर तिथेच मिळतं.

वहिनींच्या बसण्याचं. मागची सीट लांब-रुंद आणि मऊ असते, दोन्ही बाजूंना पाय टाकून बसलं तर साध्या स्कूटरपेक्षा खूप आरामाचं. पण ती पुढच्या सीटपेक्षा पायरीभर उंच असते, आणि रुंदीमुळे पाय बरेच फाकतात. एका बाजूला बसणाऱ्या बाईला चढताना त्रास होतो, शिवाय ओझं एकीकडे गेल्याने सुटताना गाडी ओढते. सलवार-कुर्ता किंवा पँटवर रोज जाणार असतील तर काही अडचण नाही, रोज साडी असेल तर आधी बसवून बघाच. साडी गार्ड, मागचा फूटरेस्ट आणि पकडायचा ग्रॅब रेल त्यांच्या हाताला-पायाला नीट येतो का ते त्यांनाच ठरवू द्या. मागचा दणका सगळ्यात जास्त मागच्याच माणसाला बसतो, कारण ते बरोबर चाकावर बसलेलं असतं. वारज्यापर्यंतचा तुमचा वेग त्या हिशोबाने ठेवा.

पावसाळ्याचं दोन शब्दांत सांगतो. पुढची काच आणि रुंद अंगामुळे छाती आणि गुडघे पुष्कळ कोरडे राहतात, रेनकोट तरी लागतोच. पाणी साचलेल्या जागी पायाच्या फळीपर्यंत पाणी दिसलं की थांबा. बेल्टच्या पेटीला थंड हवा लागते म्हणून तिला हवेची वाट ठेवलेली असते, आणि त्याच वाटेने पाणी आत शिरतं. बेल्ट ओला झाला की इंजिन ओरडतं आणि गाडी हलत नाही. अशा वेळी रेस पिळत बसू नका, बाजूला घ्या, थांबा, मग हळूहळू चालवत गॅरेजला आणा. पेटी उघडून पुसून घ्यावी लागते आणि गिअर ऑइल बघावं लागतं. ते दुधासारखं झालं असेल तर पाणी आत गेलंय, लगेच बदला. कपभर ऑइलचं काम आहे, पण ते राहिलं की बेअरिंग जातात.

लिक्विड कूल्ड इंजिनाचं एकच पथ्य: रेडिएटरमध्ये तयार कूलंटच घाला. धायरी-नऱ्हे भागात बोअरचं पाणी जड आहे, नळातून किंवा बाटलीतून ते ओतलं की आत क्षार धरतात. चिखल बसून जाळी बुजली तर हलक्या पाण्याने धुवा, प्रेशर जवळून मारू नका, पाती वाकतात. ट्रॅफिकमध्ये पंखा सुरू झालेला ऐकू येईल आणि पायाला गरम झोत लागेल, तो बिघाड नाही.

बिनकिल्लीच्या गाडीची सवय वेगळी. रिमोट खिशातच हवा, डिकीत ठेवून झाकण लावायचं नाही. रिमोटचा बटणासारखा सेल दर वर्षी बदला, काही रुपयांचं काम आहे. या वर्गातल्या बहुतेक गाड्यांना किक नसते, म्हणून बॅटरी संपली की गाडी जागेवर. तिसऱ्या वर्षीच्या पावसाळ्याआधी मी बॅटरी तपासायला लावतोच, आणि शंका वाटली तर बदलून टाकतो.

खर्चाचं म्हणाल तर, माझ्या गाडीचा ॲव्हरेज टाकी फुल ते टाकी फुल मोजून ३८ ते ४१ येतो. आधीच्या ११० ला ४८ मिळायचा. महिन्याला साडेबाराशे किलोमीटर धरले तर पाचेक लिटर पेट्रोल जास्त, म्हणजे पाचशे-साडेपाचशे रुपये. बेल्ट आणि रोलर बदलायचा आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो, बहुतेक कंपन्यांचा २० ते २५ हजार किलोमीटरच्या दरम्यान असतो. तुमच्या चालण्याने तो दीड वर्षात येईल. बेल्ट बदलताना रोलरही हातात घेऊन बघा, एका अंगाने चपटे झालेले रोलर नव्या बेल्टलाही खातात. १४ इंची जाड टायर साध्या स्कूटरच्या टायरपेक्षा महाग असतो आणि दर दुकानात मिळत नाही, वर मागचा टायर काढताना बऱ्याच गाड्यांत सायलेन्सर उतरवावा लागतो. पंक्चरची भीती नको, ट्यूबलेस आहे, जागेवर निघतं. पण मागच्या टायरची नक्षी संपत आली की आधीच मागवून ठेवा, घासून गुळगुळीत होईपर्यंत वाट बघू नका.

आणि हो, मोठी गाडी घेतली म्हणून मुंबईला एक्स्प्रेसवेने जाता येईल असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. तिथे आणि अटल सेतूवर दुचाकीला मनाई आहे, मग ती १६० असो की ७४५ सीसी. जुना हायवे आपला.

टेस्ट राइडला शोरूमच्या समोरच्या गुळगुळीत रस्त्यावर एक फेरी मारून परत येऊ नका. वहिनींना बरोबर घ्या. गाडी धायरीतल्या तुमच्या सोसायटीपर्यंत न्यायची परवानगी मागा, बरेच जण देतात. तुमच्या रॅम्पवर उतरून ती मागे घेऊन बघा, तुमच्या जागेत मेन स्टँडवर लावून बघा, वहिनींना चढू-उतरू द्या, येताना रस्त्यातल्या सगळ्यात वाईट खड्ड्यावरून एकदा मुद्दाम घ्या. मग पैसे भरा.

आणि जुनी ११० लगेच एक्स्चेंजला देऊ नका. नऊ वर्षांच्या गाडीचे शोरूममध्ये फार काही येत नाहीत, आणि कागदपत्रं चालू असतील तर ती अजून घरात उभी राहू शकते. दोन महिने दोन्ही ठेवा. त्या दोन महिन्यांत जारसाठी, गोणीसाठी, मंडईसाठी जुनीची किल्ली किती वेळा उचलली गेली ते घरात विचारा, आणि त्यावर ठरवा.